अँटिओकिसच्या गावाला

शनिवार, इस्तंबूल

इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात शिरलेली गर्दी आधी वळते ती सिडोनहून आणलेल्या, 'अलेक्झांडरची शवपेटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेटीकडे. आम्हीही वळलो. पण ताईने आणि मी हा सगळा प्रवास आखला होता तो प्राचीन रोमन जगातल्या स्त्री-वैद्यांच्या, विशेषतः तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला त्लोस या प्राचीन शहरातल्या अँटिओकिसच्या मागावर, म्हणून शवपेटीपाशी फार न रेंगाळता आम्ही बायझँटियनच्या थडग्यांवरच्या दगडांकडे गेलो. इस्तंबूलचं इस्तंबूल होण्याआधी, कॉन्स्टंटिनोपल होण्याच्याही आधी, इथे बायझँटियन नावाचं ग्रीक शहर होतं. त्या शहरातल्या मूसा नावाच्या बाईचा दगड या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. अगाथोक्लेसची मुलगी मूसा, वैद्य. काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं किंवा पहिलं शतक. रोमचा अंमल या बाजूला पसरत होता तो काळ.

ताईचा तालुक्याच्या गावी दवाखाना आहे आणि तिने आयुष्यभर त्यातच घालवलं आहे. तिचं लक्ष लगेच मूसाच्या हाताकडे गेलं. "औषधाची डबी नाही, हत्यार नाही. हातात ग्रंथाची गुंडाळी दिलीय बघ," ती म्हणाली. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. ज्यांनी हा दगड घडवून घेतला, त्यांना ही बाई शिकलेली होती हे सांगायचं होतं. अनुभवाने चार मुळ्या ओळखणारी कुणी म्हातारी नव्हे, तर वाचून-लिहून विद्या घेतलेली वैद्य.

बाहेर आलो तेव्हा गुलहाने बागेत ट्यूलिप फुललेले होते. एप्रिल सरत आला होता.

रविवार, इझमीर ते बर्गामा

विमानाने इझमीर, तिथून बसने उत्तरेला बर्गामा. अंतर साधारण शंभर किलोमीटर. वाटेत ऑलिव्हच्या बागा आणि कडेला लाल खसखशीची रानफुलं. दिवस प्रवासातच गेला. रात्री मसूर डाळीचं सूप, पाव आणि आयरान. आयरान म्हणजे आपलं खारं ताकच, ताईने दोन पेले प्यायले.

सोमवार, बर्गामा

बर्गामा म्हणजे प्राचीन पर्गामॉन. डोंगरावरचा किल्ला, उतारावर टांगल्यासारखं दिसणारं उभ्या चढणीचं नाट्यगृह, जर्मनीत नेऊन ठेवलेली झ्यूसची वेदी, या सगळ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्ही सकाळ तिथे घालवली. पण ताईचं मन खालच्या अस्क्लेपिऑनमध्ये होतं.

अस्क्लेपियस हा ग्रीकांचा आरोग्याचा देव, आणि हे त्याचं देवस्थान-कम-रुग्णालय. स्तंभांच्या रांगेतून जाणारा सरळ रस्ता तुम्हाला आत नेतो. आवारात पवित्र झरा आहे, छोटं नाट्यगृह आहे, आणि जमिनीखालून जाणारा एक लांब बोगदा आहे, त्याच्या छताच्या झरोक्यांतून उजेड पडतो. रोगी इथे येऊन स्नान करत, रात्री झोपत आणि स्वप्नात देव उपाय सांगेल याची वाट बघत. सकाळी त्या स्वप्नाचा अर्थ लावून उपचार ठरे. ताई बोगद्यात बराच वेळ थांबली. "झोप, पाणी, चालणं, पथ्य. यातलं निम्मं मी आजही लिहून देते," ती म्हणाली.

गॅलेन याच गावचा. जन्म इ.स. 129. वडील वास्तुविशारद. स्मर्ना, कॉरिंथ, अलेक्झांड्रियाला शिकून तो गावी परतला आणि 157 पासून इथल्या ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. जखमा शिवता शिवता शरीराचं आतलं काम तो शिकला. पुढे रोमला जाऊन सम्राटांचा वैद्य झाला, आणि त्याच्या ग्रंथांनी पुढची हजार-बाराशे वर्षं युरोप आणि अरब जगाचं वैद्यक चालवलं. या प्रवासात तो आम्हाला पुन्हा भेटणार होता, कारण आमच्या अँटिओकिसचं औषध त्याच्याच ग्रंथात टिकून राहिलंय.

पण पर्गामॉनमध्ये मला जास्त जवळची वाटली ती पँथिया. दुसऱ्या शतकातली वैद्य. तिच्या मृत्यूनंतर नवऱ्याने, ग्लायकॉनने, थडग्यावर काव्य कोरून घेतलं. तोही वैद्य. त्यात तिच्या रूपाचं, शहाणपणाचं, शीलाचं कौतुक आहे, मुलं अगदी माझ्यासारखी झाली हेही आहे, तसं ते त्या काळच्या प्रत्येक थडग्यावर असायचंच. मग मात्र तो म्हणतो की संसाराचं सुकाणू तू सरळ धरलंस, वैद्यकातली आपल्या दोघांची कीर्ती तू उंच नेलीस, आणि बाई असूनही कौशल्यात तू माझ्यामागे नव्हतीस. शेवटी तो सांगतो की मेल्यावर मीही याच मातीत तुझ्याशेजारी येईन.

संध्याकाळी चहा पिताना मी हे ताईला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरले. मग ती म्हणाली, "प्रेम आहे त्याचं. पण 'बाई असूनही' हे त्याला लिहावं लागलं."

मला वाटतं ग्लायकॉनला तेवढ्यासाठी बोल लावू नये. एका धंद्यातल्या माणसाने आपल्याच धंद्यातल्या बायकोला बरोबरीची म्हणणं, तेही दगडावर, सगळ्या गावाला दिसेल असं, ही लहान गोष्ट नाही. पण एक खरं की पँथियाची कीर्ती आपल्यापर्यंत येते ती नवऱ्याच्या तोंडून. स्पेनमधल्या मेरिदाला जूलिया सातुर्नीना नावाच्या वैद्य बाईचा दगड आहे. पुढच्या बाजूला 'उत्तम वैद्य' असं म्हटलंय, मागच्या बाजूला दुपट्यात गुंडाळलेलं बाळ कोरलंय, वय पंचेचाळीस. तो दगडही नवऱ्यानेच उभारला. असे दगड साम्राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सापडतात आणि बहुतेकांवर बोलतं ते दुसरं कुणीतरी, गेलेल्या बाईबद्दल. हे मनात ठेवूनच मला त्लोसला जायचं होतं, कारण अँटिओकिसच्या दगडावर तसं नाही.

मंगळवार, सेल्चुक

सेल्चुकजवळचं प्राचीन शहर एफेसस. क्रूझवरून उतरलेल्या माणसांचे लोंढे, सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटोसाठी रांग. ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. पण वैद्यकाच्या दृष्टीने या शहराची दोन नावं घ्यायलाच हवीत. एक सोरानस, इथलाच. स्त्रीरोग आणि बाळंतपणावरचा त्याचा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. सुईण कशी असावी हे तो तपशिलात सांगतो: लिहिता-वाचता येणारी, तल्लख, चांगल्या स्मरणशक्तीची, घाबरून न जाणारी, आणि बोटं लांब, नखं कापलेली. नखांचं वाचून ताई खूश झाली. दुसरं म्हणजे इथे दुसऱ्या शतकात अस्क्लेपियसच्या उत्सवात वैद्यांच्या चक्क स्पर्धा होत असत, शस्त्रक्रियेची वेगळी, उपकरणांची वेगळी. जिंकणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली सापडलीत. म्हणजे वैद्याची गुणवत्ता चारचौघांत तपासायची, ठरवायची आणि कोरून ठेवायची, ही या प्रदेशाची रीतच होती.

बुधवार, फेथिये

दिवसभर बस. आयदिन, मुग्ला, मग पाइनच्या जंगलातून समुद्राकडे उतरणारा घाट. फेथिये म्हणजे प्राचीन टेल्मेसॉस. शहराच्या डोक्यावर, कड्यात कोरलेल्या लिशियन कबरी दिसतात, देवळाच्या दर्शनी भागासारख्या. सगळ्यांत मोठी अमिन्तासची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. संध्याकाळच्या उन्हात तो कडा मधाच्या रंगाचा होतो.

इथून लिशिया हा प्राचीन प्रदेश सुरू होतो. लिशियन लोकांची स्वतःची भाषा होती, स्वतःची लिपी होती. इथल्या छोट्या संग्रहालयात लेटूनला 1973 मध्ये सापडलेला तीन भाषांतला शिलालेख ठेवलाय: लिशियन, ग्रीक आणि अरेमाइक. पुढे शहरांनी मिळून संघ केला. प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की त्यात तेवीस शहरं होती, मोठ्यांना तीन मतं, मधल्यांना दोन, बाकीच्यांना एक. तीन मतांची शहरं सहा, आणि त्यांतलं एक त्लोस. इ.स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसने लिशियाला रोमचा प्रांत केलं. त्यानंतरही शहरांच्या सभा चालू राहिल्या. अँटिओकिसला गौरवणारी सभा ती हीच, त्लोसची.

गुरुवार, त्लोस

सकाळी दोल्मुशने निघालो. दोल्मुश म्हणजे भरली की सुटणारी छोटी बस. शेवटचा टप्पा टॅक्सीने केला. एशेन नदीचं खोरं, म्हणजे जुनी क्सान्थोसची दरी, हरितगृहांच्या प्लास्टिकने चकाकत होती. रस्ता चढत गेला, समोर अकदागच्या माथ्यावर अजून बर्फ होतं, आणि मग एका वळणावर अचानक तो सुळका दिसला. अख्खा कडा कबरींनी पोखरलेला, आणि माथ्यावर किल्ला. हा किल्ला मात्र पुष्कळ अलीकडचा. कानली अली आगा नावाच्या उस्मानी सरदाराने तो एकोणिसाव्या शतकात जुन्या दगडांवर बांधला.

खाली याका गावातल्या एका बाईने लाटून भाजलेलं गॉझलेमे खाल्लं, आत पालक आणि चीज, आणि चढायला सुरुवात केली. कबरींमधली एक प्रसिद्ध आहे. तिच्यात बेलेरोफॉन पंखांच्या घोड्यावर बसून लढायला निघालेला कोरलाय. त्लोसच्या लोकांच्या दंतकथेत तो या भूमीचा वीर. ती बघायला थोडी अवघड वाट उतरावी लागते. ताई वरच थांबली, मी जाऊन आले.

माथ्यावरून सगळं त्लोस एका नजरेत येतं. पायथ्याशी लांबट स्टेडियम, एका बाजूने डोंगरउतारावर कोरलेल्या बैठकी आणि मधोमध लांब उथळ हौद. त्यापलीकडे स्नानगृहं. त्यांच्या अर्धगोल भिंतीला सात मोठ्या खिडक्या आहेत, गावकरी तिला सात दारं म्हणतात. त्याहून पलीकडे नाट्यगृह. 141 सालच्या भूकंपाने लिशियातल्या शहरांची फार पडझड झाली, तेव्हा ऱ्होडिआपोलिसचा धनाढ्य ओप्रामोआस याने गावोगावी पैसा दिला, त्लोसलाही. 2005 पासून अंताल्याच्या अकदेनिझ विद्यापीठाची मंडळी इथे उत्खनन करतायत.

आम्ही स्टेडियमच्या पायऱ्यांवर सावली बघून बसलो. मी वही काढली. लिशियाचे ग्रीक शिलालेख व्हिएन्नाच्या अकादमीने विसाव्या शतकात संग्रहरूपाने छापले, त्यात हा आहे. इतका छोटा की मराठीत एका वाक्यात मावतो:

"डिओडोटोसची मुलगी, त्लोसची अँटिओकिस हिने, वैद्यकविद्येतील अनुभवाबद्दल त्लोसच्या सभेने आणि लोकांनी ग्वाही दिल्यानंतर, स्वतःचा हा पुतळा उभारला."

पुतळा आज नाही. त्याच्या बैठकीवरचा हा मजकूर तेवढा उरला. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत कुठेतरी.

ताईने वही हातात घेऊन पुन्हा वाचलं. "स्वतःचा पुतळा स्वतःच?"

हाच प्रश्न मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पडला होता. पण त्या काळची पद्धत समजून घेतली की तो उरत नाही. ग्रीक शहरांत एखाद्याचा मान करायचा ठराव सभा करायची, आणि मान मिळालेली व्यक्ती पुष्कळदा पुतळ्याचा खर्च आपण करते म्हणून सांगायची. शहराची तिजोरी वाचायची, माणसाचं मोठेपण वाढायचं. म्हणजे इथे मुख्य क्रियापद 'उभारला' असलं, तरी आधी काय घडलं ते वाचायला हवं. आधी सभा बसली, लोक जमले, आणि त्यांनी ग्वाही दिली. ती ग्वाही नसती तर तो पुतळा चौकात उभा राहू शकला नसता.

"कशाबद्दल ग्वाही, ते बघ," मी म्हटलं. त्या आणि पुढच्या शतकांत या किनाऱ्यावर बायकांचे पुतळे दुर्मिळ नव्हते. पेर्गे शहरात प्लांकिया माग्ना होती, तिने शहराचं वेशीचं दार सजवलं, पुजारीण होती, सरकारी पदंही भूषवली. तिचं मोठेपण खरंच आहे, पण ते पैशाचं आणि घराण्याचं. अँटिओकिसच्या दगडावर दान नाही, देवालय नाही, पद नाही. नवऱ्याचं नाव नाही. मुलांचं नाही. रूप नाही, शील नाही. पित्याचं नाव आहे, ते पुरुषांच्या दगडांवरही असतंच. आणि मग एकच कारण: वैद्यकातला अनुभव.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अनुभव म्हणतात. ज्ञान नाही म्हणत, हे मला आवडलं. लोकांना तेवढंच कळतं गं. कुणाचा ताप उतरला, कुणाचं मूल जगलं. ते बघूनच त्यांनी हात वर केले असणार." आणि ती कितीतरी वेळ आपल्या दवाखान्यातल्या जुन्या रोग्यांबद्दल बोलत राहिली.

अँटिओकिसच्या कीर्तीचा दुसरा धागा गॅलेनकडे जातो. पहिल्या शतकाच्या अखेरीस आस्क्लेपियादेस फार्माकिऑन नावाच्या वैद्याने औषधांच्या कृती गोळा केल्या, कुणाची कुठली ते नावानिशी. गॅलेनने त्या आपल्या मिश्रौषधांच्या ग्रंथांत उतरवून घेतल्या. त्यांत अँटिओकिसच्या नावाचा लेप आहे, प्लीहेचे विकार, जलोदर, सायटिका आणि सांधेदुखीवरचा. शिवाय गॅलेनच सांगतो की टारेंटमच्या हेराक्लिडेसने, म्हणजे त्या काळच्या एका अत्यंत नामांकित वैद्याने, आपला एक ग्रंथ अँटिओकिसला अर्पण केला होता. गॅलेनची अँटिओकिस आणि त्लोसची अँटिओकिस एकच, असं अनेक अभ्यासक मानतात, काही जण काळाचा मेळ बसत नाही म्हणून कचरतात. मला स्वतःला ती एकच वाटते. वैद्य म्हणून शहराने ग्वाही दिलेली बाई आणि वैद्यांच्या ग्रंथांत औषधासह आलेली बाई, दोघींचं नाव एक, काळ जवळपासचा. अशा दोन अँटिओकिस होत्या असं मानायला मला तरी जास्त धाडस लागेल.

आणि त्या लेपाची कृती टिकली तीही थोडक्यात. इ.स. 192 मध्ये रोमला मोठी आग लागली. शांतिदेवीच्या मंदिराजवळच्या कोठारात गॅलेनने आपले ग्रंथ, औषधं आणि जमवलेल्या कृती ठेवल्या होत्या, ते सगळं जळालं. मिश्रौषधांवरच्या त्याच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड त्यातच गेले. तेव्हा तो साठीच्या पुढे होता. त्याने पुन्हा बसून ते लिहून काढलं. त्या म्हाताऱ्याने कंटाळा केला असता तर अँटिओकिसचं औषध राखेतच राहिलं असतं, आणि आपल्याकडे फक्त पुतळ्याची बैठक उरली असती.

ताईला कृतीत रस होता, मला दगडात. स्टेडियममधून उठून आम्ही स्नानगृहांकडे चालत गेलो. सात खिडक्यांच्या भिंतीतून खालची दरी दिसते, पार समुद्राच्या दिशेने. सांधेदुखीचे रोगी गरम पाण्यात बसून हीच दरी बघत असतील. स्नानगृह आज दिसतं त्या रूपात अँटिओकिसच्या नंतरचं आहे, पण डोंगरातलं गाव, चढ-उताराचे रस्ते, थंडीत अकदागवरून येणारा वारा तोच. गुडघे आणि कंबर घेऊन येणारे रोगी तिच्याकडे कमी नसणार.

परतताना टॅक्सीवाल्याने विचारलं, काय बघितलंत? ताईने मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्याला सांगितलं की इथे दोन हजार वर्षांपूर्वी एक बाई डॉक्टर होती. तो म्हणाला, त्याची मुलगी मुग्लाला नर्सिंग शिकतेय. मग अर्धा रस्ता तो त्या मुलीबद्दलच बोलला.

शुक्रवार, लेटून आणि पातारा

लेटून हे लेटोचं देवस्थान. लेटो ही अपोलो आणि आर्टेमिसची आई. तिला बाळंतपणासाठी कुणी थारा देईना म्हणून ती भटकत राहिली, अशी कथा आहे. लिशियात तिला पाणी पिऊ न देणाऱ्या गावकऱ्यांचे तिने बेडूक केले म्हणतात. तीन देवळांचे पाये शेजारीशेजारी आहेत, अर्धे पाण्यात, आणि त्यात खरोखरच बेडूक ओरडत होते. इथून थोड्याच अंतरावर क्सान्थोस. दोन्ही मिळून 1988 पासून जागतिक वारसा.

दुपारी पातारा. समुद्रकिनारा अफाट आहे, पण आम्ही आधी लिशियन संघाच्या सभागृहात गेलो. ते पुन्हा उभं केलंय, अर्धवर्तुळाकार दगडी बैठकींसह. त्लोसची सभा तिच्या गावातच बसत असे, पण सभेने ग्वाही द्यायची म्हणजे काय ते इथे डोळ्यांसमोर येतं. एकमेकांकडे तोंड करून बसलेली माणसं, मधे बोलणारा, आणि नाव पुकारलं जातं ते एका वैद्य बाईचं. पातारामध्येच क्लॉडियसच्या काळातला रस्त्यांचा दगडी स्तंभही सापडला, त्यावर लिशियातल्या शहरांमधली अंतरं कोरलेली आहेत. डोंगरातल्या गावाची कीर्ती रोमच्या ग्रंथांपर्यंत पोचायला वाटा होत्या.

ताई बैठकीवर बसली आणि म्हणाली, "पँथियाचं नवऱ्याने सांगितलं, जूलियाचं नवऱ्याने सांगितलं. हिचं गावाने सांगितलं, आणि खर्च हिने केला. तिच्याकडे तेवढे पैसे होते म्हणजे लोक तिला फीसुद्धा नीट देत होते." हे मला सुचलं नव्हतं. मी लगेच वहीत लिहून घेतलं.

त्लोसला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पायांत चांगली पकड असलेले बूट घाला, आणि पाणी जवळ ठेवा, चढावर सावली नाही. फेथियेहून अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. बरेच जण त्याच दिवशी सकलीकेंटची घळ उरकतात, पण त्यामुळे त्लोस अर्ध्या तासात आटपावं लागतं, तसं करू नका. बेलेरोफॉनच्या कबरीची वाट पावसात निसरडी होते. आणि अँटिओकिसचं ते एक वाक्य घरूनच लिहून न्या, स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मोठ्याने वाचायला.